शहाण्या लेकरांची खोली

१

अंकुर रडायला लागला की शेजारची म्हैस पान्हा चोरते, असं तुळसाबाई चारचौघांत सांगायची. आजीचं कौतुकच ते, थोडं मीठमिरची लावलेलं. पण आवाज होता खरा. आठ महिन्यांचं मूठभर पोर, आणि एकदा का भोकाड पसरलं की गल्लीतली माणसं दार लोटून घ्यायची. भूक लागली म्हणून रडायचा, पोट भरलं म्हणूनही रडायचा. त्याच्या आईला, राधिकाला, त्याचं रडणं ऐकून कधी कधी स्वतःलाच रडू यायचं.

आणि नेमकं आता तिला काम लागलं होतं. गावातल्या मळेवाल्यांनी एकत्र येऊन कंपनी काढली होती. मेथी, पालक आणि सांबार म्हणजे कोथिंबीर निवडायची, जुड्या बांधायच्या, कॅरेट भरायचे आणि संध्याकाळच्या टेम्पोनं नागपूरला धाडायचे. राधिका बारावी सायन्स शिकलेली, म्हणून बायांवर लक्ष ठेवायचं काम तिच्याकडे आलं. लेकरू आणलं तरी चालेल, फक्त कामाचा खोळंबा नको, असं बजावण्यात आलं होतं. तो खोळंबा केवढा असतो हे बजावणाऱ्याला ठाऊक नव्हतं, एवढंच.

कंपनीनं जागा घेतली होती जुन्या जीनची. शेलूबाजारच्या अलीकडे, हायवेला लागून, चिंचांच्या रांगेमागे ते आवार आहे. कापसातली सरकी काढायचा कारखाना म्हणजे जीन. इंग्रजांच्या काळात मुंबईच्या कोण्या व्यापाऱ्यानं तो बांधला, सोबत बंगला, विहीर आणि फुलांची बाग. यंत्रं गेली, व्यापारी गेला, नाव तेवढं राहिलं. बहात्तरच्या दुष्काळात तिथं सरकारी सुकडी शिजली. पुढं तूरडाळीची मिल आली. मिल बसल्यावर कोणीतरी भिंतींना गुलाबी रंग फासला, पुढं हिरवळ लावली आणि मंगल कार्यालय काढलं. तेही बंद पडलं आणि आता भाजी आली. वास्तू बिचारी गरीब, जो येईल त्याच्या घरची व्हायची.

लांबलचक शेडच्या टोकाला, पायऱ्या उतरून, एक बुटकी दगडी खोली होती. खिडकी नाही, वर छताशी एक झरोका. छताच्या सागवानी तुळईला ओळीनं लोखंडी कड्या. मिलवाल्यांनी तिथं पोती टांगली, कार्यालयवाल्यांनी फुलांच्या माळा. कड्या मुळात कशासाठी ठोकल्या, हा प्रश्न कोणाला पडला नव्हता.

पहिल्या दिवशी अंकुरनं सगळं शेड डोक्यावर घेतलं तेव्हा तुळसाबाईच निवडायच्या टेबलावरून ओरडली, "अवं राधा, त्याले त्या आतल्या खोलीत झोळी बांध. माया पवन तिथंच वाढला. मिलमंदी होती ना मी."

पवन म्हणजे राधिकाचा नवरा. कंपनीचा टेम्पो तोच चालवायचा. त्यानं शिडी लावून कडीला दोर बांधला, राधिकानं जुन्या लुगड्याची झोळी केली आणि अंकुरला आत ठेवलं. पोर रडत होतं ते थांबलं. हळूहळू नव्हे, अर्धं रडणं तोंडातच राहिलं आणि डोळे मिटले.

राधिका पाय न वाजवता बाहेर आली. दारातून वळून पाहिलं तर झोळी संथ हलत होती. आपणच झोका दिला असेल, असं तिला वाटलं. मेथीचा ढीग वाट पाहत होता.

२

"शहाणं झालं वं तुहं लेकरू," बाया म्हणायला लागल्या. राधिकाला काय, आंधळा मागतो एक डोळा. सकाळी पोर आत ठेवावं, दुपारी पाजायला उचलावं, पुन्हा ठेवावं. तो आता घरीही कमी रडायचा. रात्री सलग झोपायचा. राधिकाच्या डोळ्यांखालचं काळं गेलं, जेवण अंगी लागायला लागलं. ती सुखात होती, आणि हे सुख खोलीमुळे आहे हे ती कोणापासून लपवतही नव्हती.

त्या खोलीची ख्याती जुनीच होती. सुकडीच्या काळात भुकेली पोरं तिथं बसवत, तर ती म्हणे चूं करत नसत. कार्यालय होतं तेव्हा ती नवरीची खोली होती, आणि त्यावरून गावात थट्टा चालायची. तिथून निघालेल्या पोरी पाठवणीला रडत नसत. आई गळ्यात पडून हंबरडा फोडते आहे आणि नवरी शांतपणे चप्पल शोधते आहे! नवरा लय आवडला वाटते, असं म्हणून लोक हसायचे.

पवनही तसाच. राधिकाला तो पसंत पडला तो त्याच्या शांतपणामुळेच. तिच्या माहेरी बाप ताटं फेकायचा. पवननं कधी आवाज चढवला नाही. त्याचे वडील गेले तेव्हा तो चितेपाशी उभा राहिला, सगळं रीतसर केलं, घरी येऊन पोटभर जेवला आणि झोपला. मोठ्या काळजाचा आहे, असं लोक म्हणाले. राधिकालाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

आवाराचा म्हातारा राखणदार ग्यानबा, तोही त्याच पंथातला. कोणी शिवी दिली तरी हसायचा.

एका दुपारी राधिका पाजायला गेली तेव्हा अंकुरच्या ओठाच्या कोपऱ्यात तपकिरी डाग दिसला. पुसला तर बोटाला चिकटला. गूळ असेल म्हणून तिनं बोट जिभेला लावलं. कडू होतं. आणि थोडा वेळ जिभेचं टोक आपलं नसल्यासारखं वाटत राहिलं.

बाहेर येऊन तिनं विचारलं, "आत कोण गेलं होतं? अंकुरले काही चाटवलं का कोणी?"

"आमी कायले जातो बाई," बेबीबाई म्हणाली. ती मानोऱ्याकडच्या तांड्यावरून रोज जीपनं यायची, आणि आपल्या नातीची झोळी बाहेर कडुनिंबाला बांधायची. आत सर्द हाये, नात खोकलते, एवढंच तिचं म्हणणं होतं. त्या दिवशी नात आलीही नव्हती.

वरच्या कडीला गंज लागला असेल, तो दोरावरून गळला असेल, असं राधिकानं ठरवलं. गंज कडू असतो का, हे तिला आठवेना. पण बारावीचं रसायनशास्त्र कोणाच्या लक्षात राहतं!

३

रविवारी काम बंद असायचं. शनिवारी निघताना तुळसाबाईनं दोराकडे पाहिलं आणि म्हणाली, "रिकामी झोळी टांगून ठेवू नये, राधा. लेकराले बरं नसते."

हे राधिकालाही माहीत होतं. रिकामा पाळणा हलवू नये, रिकामी झोळी ठेवू नये, हे कोणत्या आईला माहीत नसतं? पण दोर सोडायचा तर शिडी हवी, आणि शिडी टेम्पोवर गेली होती. मग तुळसाबाईनंच तोड काढली. बारशाला लेकराआधी पाळण्यात वरवंटा निजवतात ना, तसाच एक ठेवून द्यावा. कार्यालयाच्या स्वयंपाकघरात जुना वरवंटा पडलेला होता. तो अंकुरच्या दुपट्यात गुंडाळून दोघींनी झोळीत ठेवला. तुळसाबाईनं हसत त्याला "जो जो रे" केलं आणि त्या घरी गेल्या.

घरी अंकुर दिवसभर गप्प होता. खेळणं दिलं तर धरायचा, काढून घेतलं तर सोडायचा. पवन त्याच्याशेजारी आडवा पडला होता. बाप आणि लेक दोघंही पंख्याकडे पाहत होते आणि दोघांच्या पापण्या सारख्याच सावकाश मिटत होत्या. राधिकानं उगीचच भांडी घासायला घेतली.

सोमवारी ती सर्वांच्या आधी आली. ग्यानबानं कुलूप काढलं. खोलीत हवा गार होती, फरशी गार होती. तिनं झोळीत हात घातला. दुपटं ऊबदार लागलं.

झरोक्यातून ऊन येत असेल, तिनं मनाशी म्हटलं आणि वर पाहिलं. झरोका पश्चिमेला होता.

दुपटं वेगळ्याच पद्धतीनं गुंडाळलं होतं. राधिका सैल गुंडाळायची. हे घट्ट होतं, हात आत दाबून, फक्त तोंड उघडं ठेवल्यासारखं. तिनं घडी उलगडली. वरवंट्याच्या गोल टोकाला, लेकराचं तोंड जिथं आलं असतं तिथं, तपकिरी डाग होता.

तिनं वरवंटा उचलून हातात घेतला. मग तिनं तो खाली ठेवला. आधी सरळ टाकणार होती, पण हळूच ठेवला, आणि आपण असं का केलं याचा तिला राग आला.

बाहेर ग्यानबा पायरीवर बसून बिडी ओढत होता. तिनं विचारलं, "बाबा, जीन होतं तवा या खोलीत काय होतं?"

"झोळ्या," तो म्हणाला. "मायी माय जीनवर होती ना. बाया कापसावर, लेकरं इथं. मुकादमाले रडणं चालत नसे. मंग बाया करंगळीच्या नखात अफूचा कण ठेवत. चाटवला की झोपलं लेकरू दिवसभर." तो हसला. "मलेही तसंच वाढवलं. पाह्य, कसा ठणठणीत हावो!"

"अन् जे लेकरू उठत नसे, त्याचं?"

ग्यानबानं बिडीचा झुरका घेतला. त्या प्रश्नात दुःख करण्यासारखं काही आहे, हे त्याला कळत नव्हतं. "कोणी कोणी नसे उठत," तो म्हणाला.

४

त्या दिवशी राधिकानं अंकुरला आत ठेवलं नाही. पाठीशी बांधून काम केलं. तो रडला नाही, म्हणून कोणी तक्रारही केली नाही.

मंगळवारी अंगणवाडीत इंजेक्शनचा दिवस होता. लेकरांची रांग लागली होती आणि एकेकाच्या किंकाळीनं अंगणवाडीचे पत्रे थरथरत होते. अंकुरची पाळी आली. राधिकानं त्याचं डोकं छातीशी धरलं, दुसऱ्या हातानं मांडी धरली आणि स्वतःच डोळे मिटले. काहीच ऐकू आलं नाही म्हणून तिनं डोळे उघडले. सुई मांडीत होती. अंकुर सुईकडे पाहत होता, मग नर्सबाईकडे, मग भिंतीवरच्या फळांच्या चित्रांकडे.

"किती शहाणं लेकरू हो!" नर्स म्हणाली. रांगेतल्या आयांनी हेव्यानं पाहिलं.

राधिका घरी येईपर्यंत रस्ताभर त्याला हाका मारत होती. तो तिच्याकडे पाहायचा. ओळखायचाही. पण ती कोणी शेजारीण असावी, तसा.

तिनं पवनला सगळं सांगितलं, डाग, दुपटं, इंजेक्शन, ग्यानबाचं बोलणं. तो जेवता जेवता नीट ऐकत होता. "बरं," म्हणाला. "तुले नाई नेवाचं तं नको नेऊ." तिला धीर आला. त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडली, तेव्हा त्यानं तिच्या पाठीवर थोपटलं. ते थोपटणं अगदी एका ठेक्यात होतं. तिनं डोकं उचललं तरी त्याचा हात थोडा वेळ हवेत हलत राहिला.

दोन दिवस ती घरी राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी ती विहिरीवर धुणं घेऊन गेली आणि परत आली तर पाळणा रिकामा होता. शेजारीण म्हणाली, पवन येऊन घेऊन गेला. कंपनीवाले राधिकाच्या नावानं ओरडत होते, तिनं लवकर यावं म्हणून पोराला आधीच नेऊन ठेवतो, असं सांगून गेला. त्यात त्याला काही वावगं वाटलं नव्हतं. वावगं वाटायला आत काही असावं लागतं, आणि ते कुठं राहिलं होतं हे राधिकाला आता कळलं होतं.

ती तशीच ओल्या पदरानं धावत सुटली.

५

ऊन रखरखीत होतं. शेडमध्ये नेहमीसारखं काम चाललं होतं. तुळसाबाई, बेबीबाई आणि बाकीच्या बाया टेबलाशी उभ्या होत्या, झाडून सगळ्या. पवन टेम्पोत कॅरेट चढवत होता.

"आली का?" तो म्हणाला. "झोपला तो."

राधिका पायऱ्या उतरून आत गेली. बाहेरच्या उन्हातून आल्यामुळे आधी काही दिसेना. ऐकू मात्र आलं. दोर कुरकुरत होते. एक दोर नव्हे. तुळईच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका ठेक्यात.

मग डोळे अंधाराला सरावले. अंकुरची झोळी दिसली आणि झोळीच्या काठावर एक हात दिसला. हातच, कारण बाकीचं कापडाच्या पलीकडे होतं. मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या. कोपरापर्यंत कापसाचे बारीक तंतू चिकटलेले. करंगळी आत गेली होती आणि आतून चोखल्याचा आवाज येत होता. हात घाईत होता, बाहेर काम खोळंबलेल्या बाईचा असतो तसा. पण मायेचा होता. दुसरं काही असतं तर राधिकाला इतकी भीती वाटली नसती.

"बाई," ती म्हणाली. "बाई, मायं लेकरू हाये ते."

करंगळी बाहेर आली. हात मागे सरकला. दोर कुरकुरायचे थांबले. तुळईला एकच झोळी होती.

तिनं अंकुरला उचललं आणि बाहेर उन्हात आणलं. मान लुळी होती. तिनं पिंपातलं पाणी त्याच्या तोंडावर मारलं, तळपायांवर चापट्या मारल्या, नाव घेऊन घेऊन हाका मारल्या.

"अवं ताई, काहून मारून राह्यली लेकराले?" बेबीबाई धावत आली.

"झोपू दे ना त्याले," पवन शांतपणे म्हणाला.

राधिकानं अंकुरची पोटरी चिमटीत धरली आणि जीव खाऊन पिळली. आपल्या पोटच्या पोराची. त्याच्या कपाळावर आठी आली, ओठ वाकडे झाले, छाती वर उचलली गेली. आणि अंकुर रडला. शेजारच्या म्हशीनं पान्हा चोरावा, तसा रडला. राधिकाला हसू फुटलं आणि सोबत रडूही. ती मटकन मातीत बसली आणि त्याचे मुके घ्यायला लागली.

एक लेकरू रडलं की जवळचं दुसरं रडतं. हे आयांना सांगावं लागत नाही.

आतल्या खोलीतून एक रडणं आलं. बारीक, घसा कोरडा पडलेलं. बायांचे हात थांबले. बेबीबाईनं कडुनिंबाखाली पाहिलं, नात निवांत खेळत होती. मग दुसरं रडणं आलं, मग तिसरं, आणि मग मोजायची सोय राहिली नाही. ग्यानबा पायरीवरून उठला आणि तोंड उघडं टाकून उभा राहिला.

पवनच्या हातातलं कॅरेट खाली पडलं, मेथी पसरली. त्याचा चेहरा आधी नुसताच थरथरला, कसं करायचं ते माहीत नसल्यासारखा. मग तो रडायला लागला.

"माय," तो टेबलाकडे पाहून म्हणाला. "मी लय रडलो होतो, माय. तू काहून नाई आली?"

"मिल चालू होती रे बापा," तुळसाबाई म्हणाली. "आवाजच नाई आला मले."

आतलं रडणं वाढतच होतं. तुळसाबाईनं हातातली जुडी टेबलावर ठेवली, लुगड्याला हात पुसले, पदर खोचला.

"आई, नका जाऊ!" राधिका ओरडली.

"इतके जण रडून राह्यले, राधा. कोणी तं उचलाले पायजे." ती पायऱ्या उतरली. खोलीच्या अंधारात तिचं पांढरं डोकं थोडा वेळ दिसलं, मग दिसेनासं झालं.

आत एक रडणं थांबलं. थोड्या वेळानं आणखी एक. तसं बाहेर पवननंही डोळे पुसले आणि सांडलेली मेथी सावकाश गोळा करायला लागला. अंकुरचा आवाजही आता उतरत होता, पापण्या जड होत होत्या. राधिकानं त्याला छातीशी घट्ट धरलं, आणि तो गप्प होऊ नये म्हणून त्याच्या पोटरीला पुन्हा चिमटा काढला.